मदत हवी आहे: कायोटीपासून छोट्या कुत्रीला कसं सांभाळायचं? (अर्व्हाइन, कॅलिफोर्निया)

नमस्कार मंडळी,

आमचं घर टेकडीला लागून आहे. हल्ली एक कायोटी (कोल्ह्या-लांडग्याच्या कुळातला इथला जंगली प्राणी) भरदिवसा मागच्या कुंपणाशी येऊन उभा राहतो. आमची चिंगी शिह त्झू जातीची, वजन जेमतेम ५ किलो, म्हणजे त्याच्या लेखी ससाच. शेजारच्या गल्लीतलं एक कुत्रं अंगणातूनच उचललं गेलं, तेव्हापासून धास्ती आहे.

तिला अंगणात एकटी सोडत नाही. फिरवताना ६ फुटांचा साधा पट्टा, लांबत जाणारा नाही. खाण्याच्या वासाने तो येऊ नये म्हणून झाडाखाली पडलेली संत्री रोज उचलतो, तिचं खाणंही घरातच. तो दिसला की पळायचं नाही, हात वर करून ओरडायचं, हेही करतो. आई भारतातून आल्यापासून थाळी-पळी घेऊनच दारात उभी असते आणि खरं सांगायचं तर तो त्यालाच जास्त बिचकतो!

प्रश्न कुंपणाचा आहे. आमचं ५ फुटांचं. कायोटी ६ फुटांचंही चढून जातो म्हणे. त्याचा पाय घसरावा म्हणून कुंपणावर लावतात ते फिरणारे रोलर कुणी बसवलेत का? सोसायटीने परवानगी दिली का? खालून उकरून येऊ नये म्हणून जाळी किती खोल पुरलीत? आणि कायोटीला चावता येऊ नये म्हणून मिळतं ते काटेरी जॅकेट कुत्री अंगावर ठेवतात तरी का?

‘पकडून लांब सोडा’ असं कृपया सुचवू नका, इथे परवानगीशिवाय ते बेकायदा आहे. वसंतात पिल्लं झाली की ते कुत्र्यांवर जास्तच धावून येतात, त्यामुळे त्याआधी काम उरकायचंय. लॉस एंजेलिस किंवा सॅन डिएगोकडे कुणी चांगला कुंपणवाला सांगू शकेल का?