घरच्या डीव्हीडी प्लेअरला व्हीबीआर चालत नाही, हे आता पुरे करा

टेपवेडा:
लग्नाच्या जुन्या व्हीएचएस कॅसेटी बुरशी लागून चालल्यात आणि गावाकडे टीव्हीखाली डीव्हीडी प्लेअर अजून आहे, त्यामुळे डिस्क बनवून द्यायची कामं अधूनमधून येतातच. आणि दर वेळी कोणीतरी छातीठोकपणे सांगतो, व्हेरिएबल बिटरेट (व्हीबीआर, म्हणजे सेकंदाला लागणारा डेटा दृश्यानुसार कमी-जास्त) नको, प्लेअर अडकतो, सीबीआरच (सगळीकडे एकच ठरलेला बिटरेट) टाक. मला हे अजिबात पटत नाही. डीव्हीडी-व्हिडिओत व्हीबीआरला पहिल्यापासून परवानगी आहे, दुकानातून आणलेल्या सिनेमाच्या डिस्कही बहुतेक व्हीबीआरच असतात आणि त्याच प्लेअरवर मुकाट चालतात. अडतं ते टोकाला. व्हिडिओची मर्यादा सेकंदाला ९.८ मेगाबिट, आवाजासकट सगळं मिळून १०.०८, आणि घरी बर्न केलेल्या डिस्कवर जुना प्लेअर त्या टोकाला गेला की हाशहुश करतो. मॅक्सिमम ८००० किलोबिटला बांधा, सरासरी जागेप्रमाणे ठेवा, संपलं.

आता लग्नाचीच कॅसेट घ्या. होमाशी कॅमेरा स्टँडवर, नवरा-नवरी बसलेत, मागची भिंत जागची हलत नाही, तिथे बिट फारसे लागतच नाहीत. पण शेवटचं 'शुभमंगल सावधान' झालं की शंभर हातांतून अक्षता उडतात, त्यात फोटोग्राफरचे फ्लॅश, एक फ्रेम दुसरीसारखी नाही, एन्कोडरला (व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामला) मागच्या फ्रेमवरून काही उचलताच येत नाही. तिथे ३५०० सीबीआर असेल तर नेमके नवरीच्या चेहऱ्यावर चौकोन. टू-पास व्हीबीआर (आधी सगळा व्हिडिओ तपासून मग बिट वाटणारं) होमातले वाचलेले बिट अक्षतांना देतं, एवढी साधी गोष्ट आहे.

सरळ_रेघ:
दादा, हिशोब करू का? डिस्क ४.७ जीबी, तीही दशमानातली. एक तासाचं बारसं, ८००० सीबीआर, वर एसी-थ्री फॉरमॅटमधला आवाज २२४, तासाला साधारण ३.७ जीबी झाले. आरामात बसलं! मग व्हीबीआर करून वाचवलेल्या जागेत काय लोणचं घालणार? सगळ्या फ्रेमना भरपूर मिळतंय, अक्षतांनाही आणि भिंतीलाही, आणि प्लेअरला पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच वेग, त्याच्या डोक्याला ताप नाही. मी इतकी वर्षं असंच देतोय, डिस्क परत आलेली नाही.

टेपवेडा:
तासाभराच्या कामाला तुमचं बरोबर आहे, तिथे भांडणच नाही. पण लग्न तासाभराचं असतं का हो? तीन तासांची कॅसेट एका डिस्कवर म्हणजे सगळं मिळून ३४८० किलोबिटच्या आसपास, त्यातून आवाज काढा, व्हिडिओला ३२००-३३०० उरतात. तेवढ्यात सीबीआर करून दाखवा अक्षता.

कॅसेटमामा:
दोघंही भलतीकडेच भांडताय. व्हीएचएसचं आडवं रेझोल्यूशन २४० रेषांच्या आसपास, आणि तुम्ही ते ७२० बाय ५७६ मध्ये फुगवून मग बिट कमी पडतात म्हणून रडताय. ३५२ बाय ५७६ करा, डीव्हीडीला पूर्ण चालतं, पिक्सेल निम्मे झाले, त्याच ३२०० मध्ये चित्र सुखात. फक्त ५७६ ला हात लावू नका, इंटरलेस आहे (एकाआड एक रेषांची दोन अर्धी चित्रं मिळून एक फ्रेम), उभ्या दिशेने रेषांची संख्या कमी केलीत तर मुंडावळ्या कंगव्यासारख्या दिसतील.

सरळ_रेघ:
मामांचं एकदम मान्य. पण टेपवेडा, तुमचं 'व्हीबीआरने प्लेअर अडकत नाही' हे सरसकट कसं? व्हीसीडी, साध्या सीडीवरचा जुना व्हिडिओ, विसरलात? तिथे ११५० ठरलेलं म्हणजे ठरलेलं, बफर (प्लेअरची डेटा तात्पुरता ठेवायची जागा) जेमतेम ४० केबी. लोक त्यातच व्हीबीआर घुसवून एका सीडीवर अख्खा पिक्चर बसवायचे, मग शेजाऱ्याकडे चालायची आणि आपल्याकडे आवाज पुढे चित्र मागे.

टेपवेडा:
व्हीसीडीत व्हीबीआर नियमातच नाही, तो दोष व्हीबीआरचा कसा? पुढे एसव्हीसीडी, म्हणजे व्हीसीडीची सुधारित आवृत्ती, आली तिच्यात २६०० पर्यंत व्हीबीआर रीतसर होतंच की. आणि डीव्हीडीचा बफर २२४ केबी आहे, एन्कोडरला तो नीट सांगितला की काम होतं. एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्राममध्ये टार्गेट पाल-डीव्हीडी दिलं की तो बफर आणि ९००० ची मर्यादा स्वतःच लावतो, मी मर्यादा तेवढी खाली ओढतो.

अजून एक. 'अडकतं' म्हणणाऱ्यांना मी विचारतो, कुठे अडकतं? उत्तर बहुतेक एकच, पाठवणीला. आता पाठवणीत काय हालचाल असते, सगळे उभे राहून रडतायत, बिटरेट तळाला. पण पाठवणी शेवटी येते आणि डिस्क आतून बाहेर भरत जाते, म्हणजे ती पार कडेला. स्वस्त डिस्क, सुसाट स्पीडला बर्न, काठोकाठ भरलेली, त्यात लेन्स थकलेली, मग कडेलाच मार खाणार. शिव्या मात्र व्हीबीआरला! थोडी जागा मोकळी सोडा, चांगली डिस्क घ्या, सावकाश बर्न करा.

नवा_पाहुणा:
पण आजच्या काळात डिस्क कशाला? एमपी४ करून पेनड्राइव्हवर द्या ना काका.

कॅसेटमामा:
दे की बाळा, नवीन टीव्ही असेल तर उत्तमच. पण जुन्या डीव्हीडी प्लेअरच्या यूएसबीला एमपीईजी नाहीतर एक्सविडची एव्हीआय लागते, एमपी४ मधलं नेहमीचं एच२६४ बहुतेकांना कळतच नाही, 'अनसपोर्टेड' म्हणून पाटी लावून बसतो. आणि आजीला डिस्क घालून प्ले दाबता येतं, फोल्डर शोधता येत नाही.

सरळ_रेघ:
पाठवणीचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे, मान्य. तरी टू-पासला माझा जुना पीसी रात्रभर घुरघुरतो आणि सकाळी गिऱ्हाईक दारात उभं. बारसं, मुंज, एकसष्टी, तासाभराचं काम असेल तर मी सीबीआरच टाकणार, कोणी काही म्हणा. तीन तासांचं लग्न आलं की तुमच्याकडे पाठवतो.

टेपवेडा:
पाठवा. कॅसेट तेवढी रिवाइंड करून पाठवा.