जुना गेमिंग पीसी अपग्रेड करावा की नवा बांधावा? रायझन २६०० आणि जीटीएक्स १०६० वाल्यांसाठी चर्चा

घोडबंदर_रिग

२०१८-१९ च्या सुमारास बांधलेल्या पीसींबद्दल हा प्रश्न वारंवार येतोय, म्हणून वेगळा धागा. वादासाठी एक नमुना पक्का धरू: रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, डीडीआर४ रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन स्टिक, जीटीएक्स १०६० ६ जीबी ग्राफिक्स कार्ड, ४५० वॅटचा ब्रॉन्झ पॉवर सप्लाय, २५६ जीबी साटा एसएसडी, १ टीबी हार्ड डिस्क. मॉनिटर १०८०पी, १४४ हर्ट्झ, तोच ठेवायचा. बजेट ५० ते ६० हजार.

माझं मत अपग्रेडच्या बाजूने. २०२५ च्या शेवटच्या तिमाहीपासून रॅमचे भाव भडकलेत. एआय डेटा सेंटर मेमरी चिप्स ओढून नेतायत. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने 'क्रूशियल' हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. नवा पीसी म्हटला की डीडीआर५ आली, म्हणजे या बाजारात जाऊन ३२ जीबी उचलायची. इथे १६ जीबी आधीच बसलेली आहे, ती काढून ठेवायची कशाला? बी४५० वर रायझन ५ ५६०० चालतो. नवा प्रोसेसर आणि कार्ड टाकलं की मशीन पुन्हा जोमात.

कार्ड मात्र बदलावंच लागेल. एनव्हिडियाने पास्कल पिढीच्या कार्डांचे (१०६० त्यातलीच) नव्या गेमसाठीचे 'गेम रेडी' ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले, पुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेपुरते येणार. आणि रे ट्रेसिंगचं (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवण्याचं) हार्डवेअर नसेल तर सुरूच न होणारे गेम बाजारात आलेत.

पामबीच_१४४

अजिबात पटत नाही. यादी नीट बघा. प्रोसेसर बदलला, कार्ड बदललं. सात वर्षांचा पॉवर सप्लाय नव्या कार्डाच्या भरवशावर ठेवणार नाही, म्हणजे तोही गेला. २५६ जीबीत आजचे दोन मोठे गेम मावत नाहीत, म्हणजे एसएसडीही आली. मग जुनं उरलं काय? बोर्ड, रॅम आणि कॅबिनेट. त्यातला बोर्ड पीसीआयई ३.० वर (कार्ड जोडण्याच्या जुन्या, संथ मार्गावर) अडकलेला आणि त्याच्या एएम४ सॉकेटवर यापुढे मोठी झेप नाही.

एएम५ सॉकेट २०२२ मध्ये आलं आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही त्याला साथ देऊ असं एएमडीने सांगितलंय. आज बी६५० बोर्डावर रायझन ७५००एफ किंवा ७६०० बसवा, तीन वर्षांनी त्याच बोर्डावर एक्स३डी (जास्त कॅशे मेमरीचा प्रोसेसर) टाका. रॅम महाग आहे हे मान्य, पण ती पुढची सहा-सात वर्षं वापरायची आहे. दोन वर्षांनी तुम्हाला बोर्ड, रॅम, प्रोसेसर हे तिन्ही घ्यावेच लागणार, तेव्हा आज ५६०० वर घातलेले पैसे पाण्यात.

खारघर_बेंच

दोघांनाही विनंती: आधी मोजा, मग भांडा. घरचं मशीन नेमकं कुठे अडतंय हे न बघता यादी करणं चूक आहे.

आफ्टरबर्नर आणि त्यासोबतचा रिव्हाट्यूनर ही मोजमापाची सॉफ्टवेअर टाका. स्क्रीनवर जीपीयू युसेज, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), प्रत्येक कोअरचा वापर आणि फ्रेमटाइमचा (प्रत्येक फ्रेमला लागणाऱ्या वेळेचा) आलेख लावा. रोजचा गेम वीसेक मिनिटं खेळा, मग रिझोल्यूशन ७२०पी करून पुन्हा खेळा. जीपीयू सतत ९७-९९ टक्के आणि ७२०पी वर एफपीएस (सेकंदाला फ्रेम) बरेच वाढले, तर कार्ड अडवतंय. एफपीएस जागेवरच राहिले, तर प्रोसेसर किंवा रॅम. एकूण सीपीयू वापर ५० टक्के दिसतो म्हणून प्रोसेसर मोकळा आहे असं समजू नका. एकच कोअर पूर्ण भरला तरी गेम तिथेच अडतो, म्हणून कोअर वेगवेगळे बघायचे. फ्रेमटाइम ठरावीक जागी उडतो आणि त्याच वेळी टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के, तर दोष हार्ड डिस्कचा. गेम एसएसडीवर हलवला की अटकणं थांबतं, बाकी काहीच घ्यावं लागत नाही.

आणि हे सगळं करण्याआधी टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग वाचा. ३००० ची किट असून २१३३ किंवा २४०० दिसत असेल तर बोर्डाच्या बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) बंद आहे. २६०० सारख्या झेन+ प्रोसेसरला रॅमचा वेग फार लागतो, हे फुकटचं अपग्रेड आहे. चार खाचांच्या बोर्डावर स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात; तिथे शेजारी-शेजारी लावलेल्या असतील तर ड्युअल चॅनल (दोन्ही स्टिक एकत्र चालून मिळणारा वेग) मिळत नाही.

तापमानही बघा. १०६० साधारण ८३ अंशांवर पोचली की स्वतःच वेग उतरवते. घोडबंदर पट्ट्यात बांधकामाची धूळ आणि खाडीची दमट हवा मिळून हीटसिंकच्या पात्यांवर अक्षरशः नमदा तयार होतो. पंखा काढल्याशिवाय तो दिसत नाही, वरून ब्लोअर मारून निघतही नाही. पंखा सोडवून पात्यांमधून ब्रश फिरवा, नवी थर्मल पेस्ट लावा आणि मग पुन्हा मोजा.

नौपाडा_टॉर्क

खारघरकरांशी शंभर टक्के सहमत. पामबीच, तुमच्या हिशोबात मात्र एक मोठी गफलत आहे. कार्ड, पॉवर सप्लाय, एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान) एसएसडी या तिन्ही वस्तू उद्या एएम५ बांधलात तर तशाच त्यात जातील. बुडीत खर्च धरायचा तर तो एकट्या ५६०० चा, आणि तो या यादीतला सर्वांत स्वस्त भाग आहे, शिवाय जुना २६०० विकून थोडे परत येतात. त्या एका चिपच्या किमतीत डीडीआर५ खरेदी दोन वर्षं पुढे ढकलता येते. आजच्या भावात हा सौदा मला चांगलाच वाटतो.

फक्त चिप योग्य घ्या. ५५०० आणि ५६००जी नावावरून जवळचे वाटतात, पण त्यांचा एल३ कॅशे १६ एमबी आहे, ५६०० चा ३२. गेममध्ये तो फरक दिसतो. ५७००एक्स३डी चा कॅशे ९६ एमबी, पण तो आता सहज मिळत नाही आणि त्यासोबत कूलर येत नाही. ५७००एक्स सोबतही नाही.

बदलताना काय बिघडतं तेही लिहितो, कारण बहुतेक मशीन इथेच मरतात.

बायोस जुना प्रोसेसर बसलेला असतानाच अपडेट करायचा. बोर्ड कंपनीच्या पानावरून नेमक्या मॉडेलची आणि नेमक्या रिव्हिजनची फाइल घ्या, एफएटी३२ केलेल्या पेन ड्राइव्हवर टाका आणि बायोसमधूनच फ्लॅश करा. अजेसा (बायोसमधला एएमडीचा कोड) १.२.०.७ किंवा नंतरची आवृत्ती घ्या. त्याआधीच्यात एफटीपीएममुळे (प्रोसेसरमधल्या टीपीएम या सुरक्षा-सोयीमुळे) गेम मधेच गचके खायचा. काही बोर्डांना आधी मधली एक आवृत्ती टाकावी लागते, ते त्या पानावरच्या सूचनांत लिहिलेलं असतं. फ्लॅश चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून यूपीएसशिवाय करू नका, आणि पावसाळ्यात आभाळ गडगडत असताना तर नकोच.

प्रोसेसर बदलल्यावर एफटीपीएम रीसेट करायचं का असं बूट होताना विचारलं जातं. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या आणि एन्क्रिप्शन थांबवा, नाहीतर विंडोज की मागत बसेल.

आता कूलर. एएम४ च्या पिना प्रोसेसरला असतात. सात वर्षांची पेस्ट सुकून घट्ट धरलेली असते, आणि कूलर सरळ वर ओढला की लॉक असलेल्या सॉकेटमधूनही प्रोसेसर त्याच्यासोबत उपटून येतो, पिना वाकतात. म्हणून आधी गेम चालवून मशीन १०-१५ मिनिटं तापवा, बंद करून प्लग काढा, चारही स्क्रू तिरक्या जोडीने थोडे-थोडे सैल करा आणि कूलर डावीकडे-उजवीकडे हलका फिरवत राहा. पेस्ट सुटली की हाताला लगेच जाणवतं. मगच उचला.

कोपरी_वॅट

पॉवर सप्लायबद्दल पामबीच यांची बाजू घेतो. आकड्यांत बघाल तर ४५० वॅट पुरतात: आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी कार्डाचे १६० वॅट, ५६०० चे ७०-८०, बाकी सगळ्याचे ५०, म्हणजे तीनशेच्या आत-बाहेर. पण खोक्यावरचे ४५० वाचू नका, लेबलवर १२ व्होल्टच्या ओळीतले अँपिअर वाचा आणि १२ ने गुणा. ३४ अँपिअर असतील तर ४०८ वॅट खरे. २५ अँपिअरच असतील तर तो ३०० चाच सप्लाय आहे. त्यात आतले कपॅसिटर उष्णतेने दरवर्षी थोडे-थोडे कमजोर होतात, आणि नवी कार्डं क्षणभर मोठा झटका ओढतात. मशीन गेम चालू असताना एकदम बंद पडून पुन्हा सुरू होतं ते बहुतेक वेळा यामुळेच.

चांगला ६५० वॅटचा घ्या, पुढच्या बिल्डलाही तोच चालेल. मॉड्युलर (केबल सुट्या होणारा) घेतलात तर जुन्या सप्लायच्या केबल नव्याला कधीही लावू नका. सप्लायकडच्या टोकाची पिन-रचना कंपनीगणिक वेगळी असते. प्लग बसतो, पण एसएसडी आणि हार्ड डिस्क जळतात.

यूपीएस ६०० व्हीएचा म्हणजे साधारण ३६० वॅटचा. बायोस फ्लॅशला भरपूर, पण भर गेममध्ये वीज गेली तर तो पेलेलच असं नाही. आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर नवीन काहीही लावण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या.

सानपाडा_बस

धाग्यातला सल्ला वाचून कुणी इंटेलच्या सातव्या पिढीच्या आय५ ७४०० आणि बी२५० बोर्डावर पैसे घालू नयेत म्हणून लिहितोय. विंडोज १० ची साथ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे. बी२५० वर आठवी पिढी बसत नाही, सॉकेटचं नाव तेच असलं तरी. चार कोअर, चार थ्रेडवर नवं कार्ड लावलं तर कार्ड अर्धं रिकामं बसून राहील.

यांच्यासाठी मधला रस्ता आहे: आय५ १२४००एफ आणि डीडीआर४ वाला बी६६० बोर्ड. जुनी रॅम तशीच वापरता येते. तेराव्या-चौदाव्या पिढीचा अस्थिरतेचा घोळ या चिपला नाही. बोर्ड घेताना नावात डीडीआर४ आहे ना ते खात्रीने वाचा, एकाच नावाचे दोन्ही प्रकार मिळतात.

रायझन १६०० वाल्यांनाही विंडोज ११ अधिकृत नाही, पण बोर्डाच्या सपोर्ट यादीत असेल तर त्यांना बोर्ड न बदलता ५६०० टाकता येतो. २६०० विंडोज ११ च्या यादीत आहे. व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतो. त्यासाठी बायोसमधलं सीएसएम (जुन्या पद्धतीचं बूट) बंद करावं लागतं. विंडोजची डिस्क जुन्या एमबीआर मांडणीची असेल तर आधी ती नव्या जीपीटी मांडणीची करा. उलट क्रमाने केलंत तर विंडोज बूटच होणार नाही.

पामबीच_१४४

नौपाडाकर, बुडीत खर्चाचा मुद्दा मान्य, कार्ड आणि सप्लाय पुढे जातात हे खरं. पण कार्ड निवडताना जुन्या बोर्डाची किंमत मोजावी लागतेच. आरटीएक्स ४०६०, ५०६०, आरएक्स ७६०० ही सगळी आठ लेनची (बोर्डाशी डेटाच्या आठच वाटा), आठ जीबीची कार्डं. पीसीआयई ३.० वर आठ लेन म्हणजे सेकंदाला ८ जीबीच्या आसपास. व्हीरॅम भरून डेटा मुख्य रॅममध्ये सांडला की याच अरुंद वाटेने ये-जा होते आणि १ टक्का लो (सर्वांत संथ फ्रेमचे एफपीएस) कोसळतात. सरासरी एफपीएस चांगले दिसतात आणि खेळताना मात्र अटकतं. इंटेल बी५८० कार्ड तर रिसायझेबल बारशिवाय (प्रोसेसरला सगळी व्हीरॅम एकदम वापरू देणारी बायोस सेटिंग) घेऊच नये, आणि असला तरी जुन्या प्रोसेसरवर ते मागे पडतं.

शिवाय मॉनिटर १४४ हर्ट्झ आहे हे सगळे विसरताय. स्पर्धात्मक गेम खेळणाऱ्याला प्रोसेसरच लागतो, आणि तिथे ५६०० आणि एएम५ यांत खरंच अंतर आहे.

घोडबंदर_रिग

म्हणूनच कार्डात मी ९०६० एक्सटी १६ जीबी धरतोय. सोळा लेन आहेत, व्हीरॅम सांडत नाही, ८-पिनची एकच केबल लागते. लांबी मात्र कॅबिनेटमध्ये मोजून घ्या. पुढच्या पंख्यांची जाडी वजा करायला लोक विसरतात. आणि १०६० ला ६-पिन केबल होती, तेव्हा जुना सप्लाय ठेवणाऱ्याने ती ६+२ आहे का बघावं. मोलेक्सचा अडॅप्टर लावून काम चालवू नका.

मी माझा क्रम बदलतो: आधी एनव्हीएमई, मग सप्लाय आणि कार्ड. त्यानंतर खारघरकरांच्या पद्धतीने पुन्हा मोजायचं आणि गरज दिसली तरच ५६००. एनव्हीएमई लावताना बोर्डाचं मॅन्युअल बघा, काही बी४५० वर एम.२ भरला की साटाचे दोन पोर्ट बंद होतात आणि हार्ड डिस्क 'गायब' होते.

खारघर_बेंच

एएम५ कडे जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळी राहते, कारण बोर्ड मेमरी ट्रेनिंग (रॅमशी वेग जुळवणं) करत असतो. घाबरून बटण दाबून बंद करू नका. आणि पैसे वाचवायला आज दोन, उद्या आणखी दोन स्टिक असा बेत नको: चार स्टिक लावल्या की डीडीआर५ चा वेग बराच खाली येतो. दोनच स्टिक, हव्या तेवढ्या क्षमतेच्या, एकाच किटमधल्या.

नौपाडा_टॉर्क

खरेदीबद्दल: मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जायचं तर ठाण्याहून दादरला बदलून ग्रँट रोड, पश्चिम रेल्वेची स्लो पकडा, फास्ट तिथे थांबत नाही. रविवारी बहुतेक दुकानं बंद. दोन-तीन ठिकाणी लेखी कोटेशन घ्या, जीएसटीसकट. बिलावर सिरियल नंबर छापून घ्या आणि खोक्यावरच्या नंबराशी तिथेच ताडून बघा, वॉरंटीला तोच लागतो. बिलाशिवाय स्वस्त मिळणारं कार्ड बिघडलं की वॉरंटीसाठी कुणाच्याही दारात उभं राहता येत नाही.

पामबीच_१४४

तुमचा क्रम सिंगल प्लेअर, ६० ते ९० एफपीएस वाल्यांना ठीक आहे, तिथे विरोध मागे घेतो. पण जो रोज स्पर्धात्मक गेम १४४ वर खेळतो, ज्याचं ७२०पी चाचणीत एफपीएस हलत नाही आणि ज्याच्या बोर्डाच्या सपोर्ट यादीत ५००० मालिकेचं नावच नाही, त्याने ५६०० शोधण्यात वेळ घालवू नये. त्याने १०६० तशीच ठेवून बी६५०, ७५००एफ आणि दोन स्टिकची डीडीआर५ आधी घ्यावी, कार्ड नंतर.