मदत हवी आहे: दोन इंजिनांच्या क्रूझर बोटीला कुठला पंखा (प्रोपेलर)?

मंडळी, ३६ फुटी जुनी क्रूझर घेतलीय, मुंबई-मांडवा फेऱ्यांसाठी. दोन डिझेल इंजिनं, गिअरबॉक्स २:१ (इंजिनाच्या दोन फेऱ्यांना पंख्याची एक), पंखे चार पात्यांचे, २२ बाय २२ (इंचांत व्यास बाय पिच; पिच म्हणजे एका फेरीत पंखा कागदोपत्री जेवढा पुढे सरकतो ते अंतर). इंजिनाचा कमाल आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) २६००, पण पूर्ण थ्रॉटलला दोन्ही २२५० वरच अडतात आणि मागे काळा धूर! तळ नुकताच खरवडून रंगवलाय, त्यामुळे शिंपल्यांवर खापर फोडता येत नाही. टॅकोमीटरही (आरपीएम दाखवणारा मीटर) तपासलाय, म्हणजे पंखेच इंजिनांना जड पडतायत.

एक इंच पिच कमी केला की दीडशे-दोनशे आरपीएम वाढतात, म्हणजे २२ बाय २० बसवावा का? की पिच तसाच ठेवून व्यास छाटावा? मेकॅनिक म्हणतो, "साहेब, चालतंय की!" इंजिन त्याचं नाही ना. शिवाय डावा-उजवा पंखा उलट फिरणारे, म्हणजे जोडीच बदलावी लागणार. जुनेच पंखे री-पिच करून (पाती वळवून पिच बदलून) कुणी वापरलेत का?