साय रेड: यंत्र सरळ होतं, मग माणसं का बुडाली?

रीलवाला (धागाकर्ता)

जुगाराच्या यंत्रांवर गब्बर झालेल्या उद्योजकांमध्ये विल्यम ऊर्फ साय रेड मला सगळ्यांत सरळ माणूस वाटतो. हे मत बऱ्याच जणांना पटणार नाही, म्हणून कारणांसकट मांडतो.

जन्म १९११, अमेरिकेतलं मिसिसिपी राज्य, घरची परिस्थिती दुसऱ्याची जमीन वाट्याने कसण्याची. शिकत असतानाच हॅम्बर्गरच्या दुकानात पिनबॉलचं मशीन ठेवून त्याने धंदा सुरू केला. पुढे ज्यूकबॉक्स, मग बॉस्टन, आणि १९६७ मध्ये स्लॉट मशीन (नाणं टाकून खेळायची जुगाराची यंत्रं) बनवणाऱ्या बॅली कंपनीचा वितरक म्हणून नेवाडा (लास वेगास ज्या राज्यात आहे ते). बॅलीकडे तेव्हा 'मनी हनी' हे १९६४ चं यंत्र होतं. त्यात विजेवर चालणारा हॉपर (नाणी साठवून बाहेर सोडणारा डबा) होता आणि ५०० नाण्यांपर्यंतचं बक्षीस यंत्र स्वतःच मोजून देत असे. त्याआधी मोठी रक्कम लागली की कर्मचारी पैसे घेऊन येईपर्यंत खेळ थांबायचा.

१९७० च्या दशकाच्या मध्यात तो बॅलीपासून वेगळा झाला. रीलची (चित्रांची चाकं फिरणारी) यंत्रं बॅलीकडे राहिली, पडद्यावरच्या यंत्रांचे हक्क रेडकडे आले. पडद्याला भवितव्य नाही, असा बॅलीवाल्यांचा समज होता. १९७८ मध्ये रेडने पडद्यावरची यंत्रं बनवणारी फॉर्च्यून कॉइन ही कंपनी घेतली, १९७९ मध्ये 'ड्रॉ पोकर' (पडद्यावर पाच पत्ते येतात, हवे ते धरायचे, बाकीचे एकदा बदलून घ्यायचे) बाजारात आणलं, आणि १९८१ मध्ये त्याची कंपनी आयजीटी या नावाने शेअर बाजारात उतरली.

आता मुद्द्याचं. नेवाडाचा नियम असा की पडद्यावर पत्ते दाखवले तर प्रत्येक पत्ता येण्याची शक्यता खऱ्या कॅटइतकीच हवी. ५२ पत्त्यांतून ५ पत्त्यांचे २५,९८,९६० हात होतात. कोणत्या हाताला किती मिळणार हे यंत्रावरच छापलेलं असतं. म्हणजे तुमच्यावर घराची (कॅसिनोची) आघाडी नेमकी किती आहे, हे पैसे टाकायच्या आधी काढता येतं. रीलच्या यंत्रात हे कधीच जमत नाही. गुलामाच्या किंवा त्याहून वरच्या जोडीपासून पैसे देणारं यंत्र घ्या. एका नाण्यामागे फुल हाऊसला (तीन सारखे आणि एक जोडी) ९ आणि फ्लशला (पाचही पत्ते एकाच प्रकारचे, जसं सगळे बदाम) ६ असेल तर अचूक खेळणाऱ्याला १०० पैकी ९९.५४ परत मिळतात. जुगाराच्या हॉलमध्ये एवढा उघड हिशेब देणारं दुसरं यंत्र मला दाखवा.

संभाव्यता

असहमत. तुमची आकडेमोड बरोबर आहे, निष्कर्ष चुकलाय.

९९.५४ हा आकडा 'अचूक' या एका शब्दावर उभा आहे. उदाहरण देतो. हातात बदामाची ५, ८, ९, बादशहा आणि किलवरची ५. बहुतेक जण पंजांची जोडी धरतात. जोडीची सरासरी किंमत नाण्यामागे साधारण ०.८२, चार बदाम धरले तर साधारण १.२. म्हणजे जोडी मोडायची. पण तीच जोडी गुलामांची असती तर तिची किंमत १.५४, तेव्हा बदाम सोडायचे. जोडीबरोबर एक्का धरून ठेवणं ही आणखी एक नेहमीची चूक. त्याने तिसरा सारखा पत्ता यायची शक्यता घटते.

दुसरी गोष्ट नाण्यांची. पाच नाणी लावली तर रॉयल फ्लशला (एकाच प्रकारचे दहा ते एक्का) ४,०००, म्हणजे नाण्यामागे ८००. एक ते चार लावली तर नाण्यामागे फक्त २५०. तेवढ्यानेच परतावा ९८.३७ वर येतो. रॉयल सरासरी ४०,००० हून जास्त डावांत एकदा येतो, त्यामुळे पैसे मोजून खेळणारा, कमी नाणी लावणारा माणूसच प्रमाणात जास्त मार खातो.

आणि वेग! सराव झालेला माणूस तासाला ६०० डाव खेळतो. २५ सेंटची पाच नाणी म्हणजे डावाला सव्वा डॉलर, तासाला ७५० डॉलर यंत्रातून फिरतात. ९/६ च्या (फुल हाऊस ९, फ्लश ६) तक्त्यावर अचूक खेळला तर तासाचं सरासरी नुकसान साडेतीन डॉलरच्या आसपास. पण घराने फुल हाऊस ८ आणि फ्लश ५ केला की परतावा ९७.३० आणि नुकसान तासाला २० डॉलर. ६/५ केलं तर ९५ टक्के, म्हणजे साडेसदतीस डॉलर. पत्ते तेच, पडदा तोच. १९९० च्या दशकात लास वेगासमधल्या जुगाराच्या व्यसनावर उपचार करणाऱ्यांकडे येणाऱ्यांत व्हिडिओ पोकर खेळणाऱ्यांचा भरणा होता, तो उगाच नाही. प्रत्येक डावात निर्णय आपला असल्याने हरणाऱ्यालाही वाटत राहतं की पुढच्या वेळी नीट खेळेन.

रीलवाला

तक्ता बदलणं हा घराचा निर्णय, रेडचा नव्हे. आणि तो चोरून करता येत नव्हता. त्या काळच्या यंत्रात तक्ता ईप्रॉम चिपमध्ये (यंत्राचा प्रोग्रॅम साठवणारी चिप) असे. तो बदलायचा तर चिप बदला आणि काचेवरची छपाईसुद्धा बदला. खेळणाऱ्याने फक्त फुल हाऊस आणि फ्लश या दोन ओळी वाचायच्या. यातली एक ओळ एकाने घसरली की परतावा साधारण १.१ टक्क्याने पडतो.

आता रीलशी तुलना करा. यांत्रिक रीलवर २२ थांबे (रील जिथे थांबू शकते अशा चिन्हाच्या किंवा रिकाम्या जागा) असतात. तीन रील म्हणजे १०,६४८ जुळण्या. प्रत्येक रीलवर जॅकपॉटचं चिन्ह एकदाच असलं आणि बक्षीस १०,००० नाणी ठेवलं तर ९४ टक्के परतावा त्या एकाच बक्षिसात संपतो, म्हणून मोठं बक्षीस ठेवताच येत नव्हतं. १९८४ च्या इंगे टेल्नेसच्या पेटंटने हे बंधन तोडलं. संगणक १ ते ६४ मधला आकडा काढतो आणि तो २२ थांब्यांवर वाटून देतो. जुळण्या झाल्या २,६२,१४४. त्याच १०,००० नाण्यांच्या बक्षिसाचा भार आता ४ टक्क्यांहून कमी. खेळणाऱ्याला मात्र डोळ्यांसमोर २२ च थांबे दिसतात. फसवणूक म्हणायची तर याला म्हणा.

जुना_हॉपर

पण ते पेटंट विकत घेतलं कोणी? आयजीटीनेच, आणि बाकीच्या कंपन्यांकडून त्याचे परवान्याचे पैसे वसूल केले. मार्च १९८६ मध्ये नेवाडाभरची यंत्रं टेलिफोन लाइनने जोडून सामायिक जॅकपॉटचं 'मेगाबक्स' सुरू केलं तेही आयजीटीने. त्यात रीलमागे ३६८ आभासी थांबे धरले जातात, म्हणजे जॅकपॉटची शक्यता सुमारे ४ कोटी ९८ लाखांत एक. २००३ मध्ये लास वेगासच्या एक्सकॅलिबर कॅसिनोत ३ कोटी ९७ लाख डॉलर लागले ते याच यंत्रावर. रेडला सरळ म्हणायचं आणि त्याने उभ्या केलेल्या कंपनीचा हा अर्धा भाग बाजूला ठेवायचा, हे मला मान्य नाही.

जॅकपॉटच्या चिन्हाच्या लगतच्या रिकाम्या जागांना जास्त आकडे वाटले की 'थोडक्यात हुकलं' असं वारंवार दिसतं. १९८९ मध्ये नेवाडाच्या नियामकांनी जपानी युनिव्हर्सल कंपनीची पद्धत बंद केली, कारण ते यंत्र आधी हार ठरवून नंतर हुकल्याचं चित्र निवडत होतं. टेल्नेसचा मार्ग मात्र चालू राहिला.

संभाव्यता

+१. अगदी हेच.

पेढीवरचा

चर्चा सगळी गणितावर चाललीय. माझ्या मते रेडची खरी हुशारी करारात होती. फॉर्च्यून कॉइनचं पहिलं यंत्र १९ इंची सोनी टीव्हीवर बनलं आणि लास वेगास हिल्टनमध्ये ते तपासायला ठेवलं होतं. पडद्यावरच्या रीलवर लोकांचा विश्वास नव्हता. समोर लोखंड फिरत नसेल तर चित्र कोणीतरी आतून हलवतंय असंच वाटणार. पत्त्यांचं तसं नव्हतं, ५२ पत्ते प्रत्येकाला माहीत.

तरीही सुरुवातीचं पोकर यंत्र अडखळलं, कारण पैसे दोन जोड्यांपासून मिळायचे आणि बहुतेक डाव कोरडे जायचे. गुलामाच्या किंवा वरच्या जोडीला लावलेले पैसे परत द्यायला सुरुवात झाली तेव्हा ते चाललं. जवळपास दर पाच डावांत एकदा हा हात येतो. नुकसान तेच, पण माणूस खुर्चीवर टिकतो. यंत्र विकत घ्यायला का-कू करणाऱ्या कॅसिनोला रेड ते कमाईतल्या वाट्यावर ठेवायला द्यायचा. मालकाचं भांडवल अडकत नाही, त्याची फक्त जागा जाते. म्हणूनच नवं यंत्र लवकर पसरलं. यात सरळपणा किती, हे तुम्ही ठरवा. धंदा म्हणून मला ते अव्वल वाटतं.

उतारवयात त्याने नेवाडातल्या मेस्किट गावात स्वतःचा 'ओएसिस' कॅसिनो चालवला, तो २००१ मध्ये विकला, आणि २००३ मध्ये तो वारला.

मांडवीकाठ

गोव्यात १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनला परवानगी मिळाली आणि १९९६ मध्ये जहाजांवरच्या कॅसिनोंना. तिथल्या पडद्यावर पोकर दिसलं तर हे ९/६ चं गणित चालेल का?

रीलवाला

तक्ता वाचून परतावा काढता येतो, पण फक्त पत्ते खरोखर ५२ च्या कॅटमधून समान शक्यतेने येत असतील तर. नेवाडात ती हमी नियमाने मिळते. दुसरीकडे तसा नियम लेखी दाखवायला सांगा. दाखवता आला नाही तर छापलेला तक्ता ९/६ असला तरी ९९.५४ धरू नका.

संभाव्यता

आणि नियम दाखवला तरी तासाला ६०० डाव खेळू नका. दर डावाला तक्त्याकडे बघून पत्ते धरलेत तर वेग आपोआप निम्म्यावर येतो, आणि नुकसानही.