भूपाचे सरगमगीत एआयकडून लिहून घेताना

प्रश्न
प्रारंभिक वर्गासाठी भूप रागातील सरगमगीते (शब्दांऐवजी स्वरांची नावेच गायची अशा रचना) एआयच्या भाषा मॉडेलकडून भातखंडे लिपीत (हिंदुस्थानी संगीताच्या स्वरलेखन पद्धतीत) लिहून घेण्याचा माझा प्रयत्न चालू आहे. वादी (रागातला मुख्य स्वर) गंधार, संवादी (त्याखालोखाल महत्त्वाचा स्वर) धैवत, मध्यलय त्रिताल (१६ मात्रांचा, म्हणजे ठोक्यांचा, ताल) असे सर्व काही सांगूनही काही ओळी १७-१८ मात्रांच्या येतात आणि मात्रा जुळल्या तरी म्हणून पाहिल्यावर भूप उभा राहत नाही. स्वर पाचच आणि सगळे शुद्ध असताना चुकते कुठे?

प्रतिसाद १
मॉडेल ताल धरून लिहीत नाही. आधीच्या मजकुरावरून पुढचा तुकडा कोणता असावा याचा अंदाज बांधत जाते. आयरिश लोकसंगीताच्या बाबतीत हे बरेच साधले, कारण त्या सुरावटी एबीसी नावाच्या साध्या अक्षरलिपीत हजारोंनी उपलब्ध आहेत आणि त्या लिपीत प्रत्येक खंड उभ्या रेषेने बंद होतो. म्हणून तुम्हीही मात्रेचा क्रमांक घालून एका घरात एकच मात्रा लिहायला सांगा, मुखडा (गीताचा समेकडे नेणारा सुरुवातीचा तुकडा) नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीपासून (टाळी न देण्याच्या जागेपासून), उचलायला लावा आणि मोजणी मॉडेलवर न सोपवता स्प्रेडशीटमध्ये करा. पुढे काफी रागाकडे वळाल तेव्हा कोमल स्वरांसाठी वेगळे चिन्ह आधीच ठरवा, कारण साध्या मजकुरात कोमल स्वर दाखवणारी स्वराखालची आडवी रेघ टिकत नाही.

प्रतिसाद २
मात्रांपेक्षा राग बिघडतो, हे मला अधिक गंभीर वाटते. देशकाराचे स्वरही हेच पाच आहेत. तिथे मात्र धैवत वादी आणि चलन (स्वरांची चाल) उत्तरांगप्रधान, म्हणजे सप्तकाच्या वरच्या भागात अधिक. 'वादी गंधार' एवढे वाचून मॉडेल गंधार वारंवार लिहील, पण वादीपण केवळ संख्येत नसते. स्वर कुठे ठेवला, त्यावर किती थांबले आणि तिथवर कसे आले, यात ते असते. त्यामुळे नियमांऐवजी नमुने द्यावेत. उदाहरणार्थ, खालीपासून 'ग रे सा रे । ध़ सा रे ग' असा मुखडा दिला (ध़ म्हणजे खालच्या, मंद्र सप्तकातला धैवत), तर सम (तालाची पहिली मात्रा) गंधारावर येते आणि पुढे 'ग – प ग । ध प ग रे' असे पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या भागात) परतता येते. तार षड्जाजवळच्या धैवतावर रेंगाळणाऱ्या ओळी निःसंकोच काढून टाका.

प्रश्नकर्त्याचे उत्तर
दोघांचेही आभार. नमुन्याच्या ओळी मी स्वतः लिहून देईन आणि आलेले प्रत्येक सरगमगीत तबल्याच्या ठेक्यावर म्हणून पाहिल्याखेरीज मुलांच्या हाती देणार नाही. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तोडता घसरत जाणे) मात्र मी कागदावर आणणार नाही. ती वर्गात गळ्यानेच शिकवेन.