हॉलमार्कचा नाताळपट ‘कुणीही काढेल’? काढून दाखवा!

गवाक्ष : ‘हॉलमार्क या अमेरिकन वाहिनीचे नाताळपट म्हणजे एकच साचा, कुणीही लिहील’ असं टाचणी यांनी काल या मंचावर ठोकून दिलंय. शहरातली करिअरवाली बाई, गावातला सुतार, डबघाईला आलेली बेकरी, शेवटची पाच मिनिटं उरली की पहिलं चुंबन. यादी बरोबर आहे, निष्कर्ष चूक.

साचा आलाय जाहिरातींमुळे. स्लॉट दोन तासांचा, सिनेमा जेमतेम ८४-८५ मिनिटांचा, आणि तो नऊ अंकांत तोडलेला. पहिला अंक सर्वांत लांब, कारण माणूस गोष्टीत रुतायच्या आत जाहिरात आली तर तो चॅनल बदलतो. पुढचे अंक आखूड होत जातात आणि प्रत्येकाच्या शेवटी काहीतरी लोंबकळत ठेवावं लागतं : फोन वाजतो, जुना प्रियकर दारात उभा राहतो, ओठ जवळ येतात तोच भाची धावत येते. आठव्याच्या शेवटी गैरसमज, नवव्यात समेट. चुंबन तिसऱ्या अंकातच उरकलंत तर उरलेले सहा कशावर रेटणार? तुम्ही हे ओटीटीवर जाहिरातींविना बघता आणि ‘तेच तेच सांगतात’ म्हणून कुरकुरता. ब्रेकनंतर परतलेल्याला मागचं आठवून द्यायलाच पहिली दोन वाक्यं खर्च होतात हो!

टाचणी : म्हणजे साबण विकायला गोष्ट कापली आणि तिला कारागिरी म्हणायचं. छान. आणि बर्फाचं काय? जमिनीवर गादीवरची चादर, मागे हिरवीगार झाडं, बोलताना तोंडातून वाफ नाही. म्हणे डिसेंबरातलं व्हरमाँट, अमेरिकेतलं बर्फाळ राज्य!

तिसरी घंटा : व्हरमाँट कुठलं? बरेचसे कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात होतात, तेही कित्येकदा भर उन्हाळ्यात. तिथे स्थानिक कामगारांच्या पगारावर करसवलत मिळते, शिवाय देवदार-फरसारखी सदाहरित झाडं मुबलक, त्यामुळे जुलैतही मागचं जंगल खपून जातं. फसवतो तो रस्त्याकडेचा मेपल : डिसेंबरात निष्पर्ण हवा, तर हिरवागार. आणि चादर दिसते कारण ती चादरच असते. लांबवर फेल्टचं पांढरं जाड कापड अंथरतात, मधल्या पट्ट्यात कागदाचा बारीक भुगा पाण्याच्या तुषारांबरोबर फवारतात, पावलं उमटायला हवीत तिथेच खरा चुरलेला बर्फ. पडणारा बर्फ म्हणजे साबणाचा फेस. फेसाचं यंत्र घोंघावतं, म्हणून संवाद चालू असताना बंद ठेवायचं किंवा आवाज नंतर भरायचा.

फिरकी : कागदाचं कौतुक पुरे. तिथल्या व्हँकूव्हर शहराच्या पावसात त्याचा लगदा होऊन गटारं तुंबतात, ते कोण सांगणार?

तिसरी घंटा : जुलै-ऑगस्ट हे तिथले सर्वांत कोरडे महिने, फिरकीराव. लगदा होतो तो मार्चात नाहीतर ऑक्टोबरात. वाचून लिहा.

फिरकी : मी उन्हाळा म्हटलंच नव्हतं. उन्हाळ्याची अडचण वेगळीच : सूर्य नऊनंतर मावळतो, पहाटे पाचला उजाडतं. दिव्यांच्या रोषणाईचे सगळे रात्रप्रसंग मधल्या पुरत्या काळोखाच्या पाच-सहा तासांत कोंबायचे. फेस बाहीवर बसला की बुडबुडे दिसतात, ओल्या डांबरावर माणूस घसरतो. १९४६ च्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ या सिनेमासाठी आग विझवायच्या फोमाइटमध्ये साबण-पाणी मिसळून बर्फ केला, कारण त्याआधी रंगवलेले कॉर्नफ्लेक्स वापरत आणि पायाखाली ते इतके कुरकुरत की संवाद पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागत.

सोलकढी : धागा सिनेमाचा की बर्फाच्या कारखान्याचा? गोव्यात नि वसईत शतकानुशतकं बर्फाविना नाताळ होतोय. नेवऱ्या, दोदोल, गोठ्याचा देखावा. पण नाही, आम्हाला साबणाचा फेसच हवा!

गवाक्ष : सोलकढी, तुमचा राग रास्त, धागा वेगळा काढा. टाचणी, आता गणित करा. शूटिंगचे दिवस साधारण १५. पटकथेचं एक पान म्हणजे अंदाजे एक मिनिट, म्हणजे रोज साडेपाच पानांहून जास्त. म्हणून ती दोघं कॉफीचे कप घेऊन सारखी चालत असतात : कॅमेरा त्यांच्यापुढे मागे मागे सरकत जातो आणि एका शॉटमध्ये तीन पानं निघतात. नाहीतर प्रत्येक वाक्याला दिवे हलवत बसा. हॉटेलच्या लॉबीतले सगळे प्रसंग एकाच दिवशी, कथेच्या क्रमाला फाटा देऊन. त्यात झाड आधी अर्धं सजलेलं, मग पूर्ण. क्रम चुकला तर शंभर गोळे उतरवून पुन्हा लावायचे.

टाचणी : बरं बाबांनो, मान्य. घाईघाईत, नेमकेपणाने, अत्यंत कष्टपूर्वक केलेला गुळचट सिनेमा. बर्फ माफ, हिरवा मेपल माफ. पण ते कप? ती कप हलवते तेव्हा स्पष्ट दिसतं की आत थेंबही नाही. त्यालाही करसवलत कारणीभूत का?

तिसरी घंटा : सांडलं तर कोट खराब होतो, आणि त्या कोटाच्या प्रती मोजक्याच असतात.

फिरकी : मग पाणी भरून झाकण चिकटवा. नाहीतर तळाशी वजन चिकटवा. दोन मिनिटांचं काम आहे.

गवाक्ष : कपाबद्दल बचाव नाही. तेवढं टाचणींचं बरोबर.

टाचणी : स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.