मदत हवी आहे: हक्कसोडपत्रावर सही करू की नको?

नमस्कार मंडळी. वडील जाऊन पाच महिने झाले. मृत्युपत्र नाही. मागे आई, दादा, मी आणि धाकटी बहीण. सगळी मालमत्ता वडिलांची स्वकष्टार्जित, म्हणजे 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने चौघांना समान हिस्सा, इतकं मला कळतं.

बँकेतल्या ठेवींवर नॉमिनी दादा. त्याने त्या परस्पर मोडल्या, वर "नॉमिनी मीच, पैसे माझेच" म्हणतो. (2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नॉमिनी मालक नसतो असं सांगितलंय, पण त्याला कोण सांगणार!)

वर्षश्राद्धाआधी सगळं उरकायचं म्हणून परवा दादाने चहाच्या कपाशेजारी टाइप केलेलं हक्कसोडपत्र ठेवलं. माझ्या नावापुढे पेन्सिलीने फुली मारलेली, सही कुठे करायची ते दाखवायला. आई म्हणते, "कर गं, माहेर तुटायला नको." मी कप उचलला, पेन नाही.

आता जमिनीवरच्या वारस नोंदीची नमुना 9 ची (हरकती मागवणारी) नोटीस आलीय आणि त्यात आम्हा बहिणींची नावंच नाहीत. हरकतीच्या पंधरा दिवसांतले सहा गेले. तलाठ्याकडे लेखी हरकत देताना सोबत काय काय जोडायचं? आणि ठेवींचा हिशोब मागायला वाटपाच्या दाव्याशिवाय मार्ग आहे का? अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा.